घालून देणे आणि करून घेणे

केसांच्या बाबतीत घर आणि दुकान यांतला भेद मराठी भाषा पाळते, आणि तो ती क्रियापदांत पाळते. घरी आई वेणी 'घालून देते'. दुकानात आपण केस 'कापून घेतो', 'सेट करून घेतो', लग्नाच्या दिवशी केशरचना 'करून घेतो'. एकीकडे देणे आहे, दुसरीकडे घेणे. आईकडून वेणी 'घालून घेतली' असेही आपण म्हणतो. पण त्यात किंचित हट्ट, किंचित लाडीगोडी असते. उलट पार्लरमधल्या बाईंनी केस 'कापून दिले' असे म्हटले, की त्यांनी आपली काही अडचण ओळखली असावी, कदाचित पैसेही घेतले नसावेत, अशी छटा त्या वाक्याला येते. संयुक्त क्रियापदे शिकवताना हे उदाहरण आम्ही वर्गात अनेकदा दिले आहे. विद्यार्थिनी हसतात, कारण ते त्यांना तत्काळ पटते. परंतु या देण्या-घेण्यात नेमके काय दिले जाते आणि काय घेतले जाते, याचा विचार वर्गाच्या तासात मावत नाही. तो येथे करून पाहायचा आहे.

आधी या 'आम्ही'विषयी. आम्ही तिघी बहिणी, नेवाशात वाढलो. पैसाच्या खांबाचे हे गाव मराठी वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही; शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी येथेच गीतेवरची टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आमच्यातल्या दोघी मराठी शिकवतात, तिसरी बँकेत आहे. हे टिपण तिघींनी बोलून एकीने लिहिले आहे. सांगणारे एक आणि लिहून घेणारे दुसरे, ही सोय आमच्या गावाला नवी नाही.

घरची वेणी ही मुळात एक रांग असते. आमच्या घरी आई थोरलीची वेणी घाली, थोरली मधलीची आणि मधली धाकटीची. धाकटीला कोणीच उरत नसे, म्हणून तिने गोठ्यातल्या दाव्याच्या तीन पेडांवर हात बसवला. शाळेच्या नियमाप्रमाणे दोन वेण्या, दुमडून वर बांधलेल्या, काळ्या रिबिनीच्या. रविवारी न्हाणे, चुलीवर तापलेले पाणी, शिकेकाई. मग उन्हात पाठ करून बसणे. या कामाला आजीचा स्वतंत्र शब्दसंग्रह होता. गुंता वेगळा आणि जट वेगळी. कंगवा वेगळा आणि फणी वेगळी. कंगव्याने केस विंचरायचे, फणीने उवा-लिखा काढायच्या. फणीत अडकून आलेले केस म्हणजे गुंतवळ. ते बोटाभोवती गुंडाळून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचे, कारण पडलेला केस पायदळी जाऊ द्यायचा नाही. आणि केसांवर भांडी देणारी बाई आली की तिच्या तराजूत ते टाकायचे. घरच्या केशसंस्कारातही एक बाजार होता तो एवढाच, आणि तो केस डोक्यावरून उतरल्यानंतर सुरू होई.

या साऱ्यात बसण्याची पद्धत आम्हाला आज सर्वांत महत्त्वाची वाटते. वेणी घालणारी वर, पाटावर किंवा पायरीवर. वेणी घालून घेणारी खाली, तिच्या गुडघ्यांच्या मध्ये, पाठमोरी. दोघींचे तोंड एकाच दिशेला. एकमेकींचा चेहरा दिसत नाही, आणि म्हणूनच कदाचित जे समोरासमोर बोलता येत नाही ते या वेळी बोलले जाते. पाळी सुरू झाल्याचे आमच्यातल्या दोघींनी आईला वेणी घालतानाच सांगितले. आईचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. ते थांबणे आणि चालू लागणे हेच तिचे उत्तर. डोळ्यांना डोळे भिडले असते तर ते तितके सोपे झाले नसते.

पण याच बसण्यात आणखी एक गोष्ट आहे. त्या वेळी आम्हाला कोणी कधी विचारले नाही, की वेणी कशी हवी. भांग मध्येच पडायचा. तेल चोपडूनच लागायचे. मान हलली की फणीची पाठ डोक्यावर बसायची. तिघींचे केस तीन तऱ्हेचे, थोरलीचे सरळ, मधलीचे दाट आणि कुरळे, धाकटीचे विरळ. वेणी मात्र एकच. वर्गात बाई मागून पाहून सांगत, ही अमक्यांच्या घरची. घरची वेणी डोक्यावर घराचे नाव लिहिते. ती घालणाऱ्या हातांना आपण कोण हे ठाऊक असते, आणि ठाऊक आहे म्हणूनच ते हात विचारत नाहीत. माया आणि गृहीत धरणे ही त्या तीन पेडांतली दोन पेडे आहेत, आणि ती एकमेकींत इतकी घट्ट गुंफलेली असतात की वेगळी काढता येत नाहीत.

पुरुषांची गोष्ट याच्या उलट होती. जुन्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार. धोकटी घेऊन तोच घरी किंवा पारावर येई, सुगीला खळ्यावरून धान्य नेई. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत व्यावसायिक घरी येत होता, आणि स्त्रियांच्या बाबतीत व्यावसायिक सहसा नव्हताच. पुढे न्हाव्याने दुकान थाटले, दारावर 'केशकर्तनालय' असे भारदस्त पाटीवर रंगवले, आणि पुरुष त्याच्याकडे जाऊ लागले. आमच्या आठवणीत नेवाशाच्या बाजारात अशी दुकाने आधीपासून होती. बायकांचे पार्लर मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात आले, रस्त्याकडच्या खोलीला जाड पडदा लावून. केशकर्तनालयाचे दार उघडे, पार्लरचे झाकलेले. पुरुषाचे केस कापले जाताना साऱ्या बाजाराने पाहिले तरी चालते. बाईचे सुटलेले केस दिसता कामा नयेत, हा नियम पडद्याने पाळला.

पडद्याआड गेल्यावर पहिला फरक जाणवतो तो बसण्यातच. येथे घालणारी उभी असते, आपण खुर्चीत उंच बसतो, आणि दोघींच्या समोर आरसा. बोलणे होते ते आरशातून. घरी आपल्या डोक्याची मागची बाजू कोणीतरी आपल्यासाठी पाहत असते आणि ती ठीक आहे यावर आपण विश्वास ठेवतो. पार्लरमध्ये काम झाले की ताई मागे दुसरा आरसा धरतात आणि ती बाजू आपल्याला दाखवतात. 'बघा, बरोबर आहे ना?' थोरलीने पहिल्यांदा असे स्वतःचे मानेवरचे केस पाहिले तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपण मागून अशा दिसतो, हे तिला तोवर इतरांकडूनच कळत होते.

दुसरा फरक हातांचा. घरचा हात डोके एकसंध धरतो. व्यावसायिक हात त्याचे भाग पाडतो. केस ओले करून, भांग काढून, चिमट्यांनी चार-पाच हिस्से वेगळे बांधायचे. एका वेळी बोटभर जाडीची बट दोन बोटांत ताणून धरायची. डोक्यापासून ती किती अंशांत उचलली यावर कापलेल्या केसांचा थर ठरतो. खाली धरून कापली तर कडा एकसारखी, वर उचलून कापली तर पायऱ्या. घरी कात्रीने 'टोके छाटताना' आई सगळे केस मुठीत धरून एका रेषेत कापी, आणि मूठ सोडली की ती रेष वाकडी निघे. त्यात तिचा हात कमी पडत होता असे नाही. मुठीत धरलेले केस डोक्याच्या वेगवेगळ्या जागांहून आलेले असतात, मधले कमी अंतरावरून आणि कडेचे जास्त, एवढे साधे भूमितीचे कारण आहे. व्यावसायिक शिक्षण म्हणजे बव्हंशी हे कारण माहीत असणे. शासकीय आयटीआयमध्ये 'बेसिक कॉस्मेटॉलॉजी' नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ज्या ताईंविषयी पुढे लिहायचे आहे त्या तेथेच शिकल्या. त्यांच्या घरात त्यांच्याआधी हे काम कोणी केले नव्हते. जातीने दिलेला धंदा आणि शिकून घेतलेला धंदा यांतले अंतर त्या पडद्याच्या खोलीत मुकाट्याने पार झाले होते.

तरीही घर आणि पार्लर यांतल्या रसायनात वाटतो तितका भेद नाही. ओली वेणी घालून झोपले की सकाळी केसांना लाटा येतात, आणि पार्लरमध्ये तापलेल्या सळईने केस कुरळे करतात. दोन्हींत एकच घडते. केसातले प्रथिनांचे धागे एकमेकांना ज्या हायड्रोजन बंधांनी धरून असतात, ते पाण्याने किंवा उष्णतेने सुटतात आणि वाळताना वा निवताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. पावसाळी हवेत हा आकार मोडतो, कारण दमटपणाने बंध पुन्हा सैल होतात. कायमचे सरळ करण्यासाठी गंधकाचे अधिक बळकट बंध रसायनांनी तोडावे लागतात. ते घरी जमण्यासारखे नाही आणि करूही नये. पण तेही कायमचे म्हणजे तेवढ्याच केसांपुरते. मुळातून उगवणारा नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर आपल्या मूळ वळणाचाच येत राहतो. राहिले तेल. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले. संशोधन तेल विकणाऱ्या कंपनीतले होते हे खरे, पण आजीला ते ऐकून आनंदच झाला असता.

मराठी साहित्याच्या वाचकाला या दोन हातांची ओळख पार्लरच्या फार आधीपासून आहे. एक हात जनाबाईच्या अभंगांतला. नामदेवांच्या घरची ही दासी. तुळशीच्या बनात वेणी उकलून बसली आहे आणि चक्रपाणी हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो आहे, उवा काढतो आहे, न्हाऊ घालतो आहे, असे तिच्या नावावरचे अभंग सांगतात. देवाला येथे 'विठाबाई' व्हावे लागते, हेही लक्षात घ्यावे. जिला कोणी नाही अशा बाईने देवाकडे ऐश्वर्य मागितले नाही, मोक्षाचीही घाई केली नाही. आपले डोके कोणीतरी मांडीशी घ्यावे एवढे तिच्या कल्पनेने मागितले. घर नसलेल्या माणसाच्या लेखी घराची व्याख्या हीच असते. मिळणाऱ्याला त्याची किंमत नसते, कारण त्याला फणीची पाठ आठवते.

दुसरा हात सेना न्हाव्याच्या कथेतला. महिपतींनी 'भक्तविजया'त ती सांगितली आहे. महिपती ताहराबादचे, म्हणजे आमच्या शेजारच्या राहुरी तालुक्यातले, आणि ग्रंथ १७६२ सालचा. सेना पूजेत गुंतला आहे, राजाचे बोलावणे आले आहे, उशीर झाला तर शिक्षा ठरलेली. तेव्हा देव सेनाचे रूप घेतो, धोकटी काखेला मारतो, दरबारात जाऊन राजाची हजामत करतो आणि तेल चोळतो. आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूपाचे प्रतिबिंब दिसते. राजाने दिलेले मोल देव धोकटीत टाकून परततो. खुद्द सेनाच्या नावाने जो प्रसिद्ध अभंग गायला जातो, त्यात तो 'आम्ही' म्हणून बोलतो, जातीचे नाव लपवीत नाही, आणि आपली आरसा-चिमट्याची हत्यारे विवेक-वैराग्याच्या कामाला लावतो.

एकाच देवाने ही दोन्ही कामे केली आहेत. जनीकडे तो घरची बाई होऊन आला, राजाकडे कामावरचा कारागीर होऊन. जनीकडे आरसा नाही. राजाकडे तेलाची वाटी आहे आणि तिच्यात प्रतिबिंब आहे. जनीकडून त्याने काही घेतले नाही. राजाकडून त्याने मोल घेतले. ते नाकारले असते तर सेनाची जागा त्याने चालवली असे झाले नसते. महिपतींच्या देवाला मजुरीची लाज वाटली नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. घरचे ते प्रेमाचे आणि दुकानातले ते पैशाचे, अशी जी सोपी वाटणी आपण करतो, ती या दोन कथा शेजारी ठेवल्या की टिकत नाही.

ती वाटणी इतिहासातही टिकत नाही. याच महाराष्ट्रात घरानेच घरच्या बाईचे केस उतरवले. विधवेचे केशवपन बाजारात झाले नाही. ते घरात, मागच्या दारी, आप्तांच्या देखत आणि त्यांच्या आज्ञेने झाले. तेथे भाषेतले देणे आणि घेणे दोन्ही संपतात. जिचे केस गेले तिला वाक्यात कर्तेपण उरत नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. यमूच्या शेवटाकडे जाणारी पाने वर्गात वाचताना आजही आवाज स्थिर ठेवावा लागतो. आणि त्याच १८९० साली मुंबईत, सत्यशोधक चळवळीतले कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांना नाही म्हणण्याचा नैतिक अधिकार होता ते आप्त गप्प राहिले. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर होते ते नाही म्हणाले. पार्वतीबाई आठवले यांनी 'माझी कहाणी'त (१९२८) वपन झालेल्या बाईने पुन्हा केस राखण्याचा निर्णय कसा घेतला ते लिहिले आहे. घरच्या प्रेमाचा विषय निघाला की ही पाने उघडून ठेवावीत.

अर्थात नाही म्हणण्याच्या अधिकाराची दुसरी बाजूही याच वस्तऱ्याला होती. गावचा न्हावी अस्पृश्य मानलेल्यांच्या डोक्याला हात लावीत नसे, आणि त्यामागे साऱ्या गावाचा धाक असे. १९५५ च्या कायद्याने असा नकार गुन्हा ठरला. पण गावातला माणूस शहरात जाऊन निर्धास्तपणे खुर्चीत बसू लागला तो बहुधा दुकानाच्या अनोळखीपणामुळे. भिंतीवर दरपत्रक लावलेले असते. त्यावर दाढीचा दर असतो, कटिंगचा दर असतो. कोणाची, हे लिहिलेले नसते. 'बारीक की मध्यम?' एवढाच प्रश्न. घरच्या हातांना आपण कोण हे ठाऊक असते, आणि दुकानाला ते ठाऊक नसते. काहींसाठी या ठाऊक नसण्यातच सुटका होती.

हे सारे आम्ही पुस्तकांतून जोडत होतो, आणि मग आईच्या केसांचा प्रश्न आला. वडील गेल्यानंतर चौथ्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. हात मानेच्या वर जाईना. अंबाडा घालणे संपले. आम्ही तिघी तीन गावी; कधी शेजारच्या काकू वेणी घालून देत, कधी ती दोन-दोन दिवस तशीच राही. एके दिवशी तिनेच म्हटले, 'कापून टाकू.' आत्या तेथेच होती. ती म्हणाली, 'वहिनी, दादा गेल्यावर केस कापायचे? लोक काय म्हणतील?' आई गप्प झाली. तिच्या माहेरी, शेजारच्या वाड्यात, तिने लहानपणी लाल आलवणातली एक म्हातारी पाहिली होती. पदर सरकला की ती बाई घाईने सावरी, आणि मुले हसत. हे तिने आम्हाला अनेकदा सांगितले होते, आणि दर वेळी शेवटी म्हणे, 'मीही हसले होते.'

दोन महिन्यांनी तिने पुन्हा विषय काढला आणि आम्ही तिला पार्लरमध्ये नेले. सत्तरी ओलांडलेली बाई, पहिल्यांदाच त्या खुर्चीत. ताईंनी अंबाडा सोडला, केस पाठीवर मोकळे केले, बोटांनी गुंता काढला आणि विचारले, 'काकू, किती ठेवायचे?'

आईने आरशातून आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोलणार तोच ताईंनी खुर्ची थोडी वळवली. आरशात आता आई एकटीच दिसत होती. 'त्यांचं राहू द्या. तुम्ही सांगा.'

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मानेखाली चार बोटं राहू दे. अंबाडा नाही आला तरी चालेल. पण पदर घेतल्यावर मागून केस दिसले पाहिजेत.'

ताईंनी चार बोटे मानेवर ठेवून दाखवली. 'एवढे?' 'अजून अर्ध बोट.' तेवढे ठेवून त्यांनी कात्री चालवली. झाल्यावर मागे आरसा धरला, आईला पदर घ्यायला सांगितले, आणि पदराखालून दिसणारी केसांची कड तिला दाखवली. आईने ती नीट पाहिली. मग खाली पडलेल्या केसांकडे पाहून म्हणाली, 'ते झाडू नकोस. कागदात दे.' ताईंनी का म्हणून विचारले नाही; वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. पैसे त्यांनी दरपत्रकाप्रमाणे पूर्ण घेतले. एवढी ओळख असून घेतले, याचे आम्हाला क्षणभर नवल वाटले. रिक्षात आई म्हणाली, 'घेतले ते बरं झालं. आता मला परत येता येईल.'

या एका वाक्याने आमचा वर्गातला धडा पुरा झाला. 'करून घेणे' यातला 'घेणे' म्हणजे पैसे देऊन विकत घेणे, एवढाच अर्थ आम्ही धरून चाललो होतो. आईने त्यात दुसरे काही पाहिले. जे मोल देऊन घेतले त्याचे ओझे राहत नाही. पुढच्या खेपेला कोणाची सवड पाहावी लागत नाही, कोणाच्या मर्जीत राहावे लागत नाही, आणि किती बोटे ठेवायची हे आपण सांगू शकतो. आयुष्यभर तिच्या डोक्याला जे हात लागले, आईचे, सासूचे, जावांचे, आमचे, त्यांतल्या एकानेही तिला ते विचारले नव्हते. सगळे हात प्रेमाचे होते. व्यावसायिक हाताचे कसब कात्रीच्या कोनात आहे तितकेच त्या प्रश्नात आहे. कात्री चालवण्याआधी विचारणे हा त्या कामाचा पहिला धडा असतो, आणि घराला तो कोणी शिकवत नाही.

म्हणून घराचे काम संपले असे नाही. तेल लावायला आई पार्लरमध्ये गेली नाही. ते ती अजूनही आमच्यातल्या जी घरी असेल तिच्याकडून लावून घेते, खाली बसता येत नाही म्हणून खुर्चीत बसून, पाठमोरी. त्या वेळी ती जे बोलते ते ताईंशी बोलत नाही. आत्याविषयीचा राग आणि वडिलांविषयीची एक जुनी तक्रार आम्हाला याच वेळी कळली. ताईंचे हात अधिक जाणते आहेत, यात शंका नाही. पण त्यांना पुढचे गिऱ्हाईक असते, आणि आरशात चेहरा दिसत असतो.

आज नेवाशाच्या मुली लग्नाच्या दिवशी पहाटेच पार्लरमध्ये जातात. खोपा, गजरे, आकडे, फवारा. तीन तासांनी बाहेर आलेली नवरी घरच्यांना क्षणभर ओळखू येत नाही. आमच्या गावचे दैवत मोहिनीराज, म्हणजे विष्णूचे मोहिनीरूप. परक्यांच्या नजरेसाठी केलेल्या शृंगाराला नाव ठेवणे या गावाला तरी शोभणार नाही. ओळखू न येणे हेच त्या दिवशी तिला हवे असते. घराचे नाव लिहिलेली वेणी ती मुद्दाम मोडून आलेली असते. उरलेल्या दिवशी त्याच मुली मोबाइल टेकवून, त्यात पाहून, सागरवेणी शिकतात. त्यांच्या मागे कोणी बसलेले नसते आणि आरसा धरायलाही कोणी नसते. हात स्वतःचेच, दुखेपर्यंत मागे वळलेले. हे घालून देणे नाही आणि करून घेणेही नाही. त्यासाठी भाषेने अजून निराळे क्रियापद केलेले नाही. त्या मुलींना आम्ही वर्गात विचारले, तर एक म्हणाली, 'बाई, आम्ही जमवतो.'

आईचे कागदातले केस कोनाड्याच्या जागी आलेल्या प्लास्टिकच्या डब्यात, गुंतवळाबरोबर राहिले. दिवाळीच्या सुमारास केसांवर भांडी देणारी बाई आली. एवढे लांब आणि एकसारखे कापलेले केस पाहून तिने आईकडे दोनदा पाहिले आणि तराजू काढला. घासाघीस आईने केली. चहाची गाळणी मिळाली, स्टीलची, आणि वर दोन सुया.